सीझरचा झगा नीट बघा : शोकांतिकेचं परीक्षण लिहू बघणाऱ्यांसाठी

सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात मी हिशेब लिहिते. संध्याकाळी नाटकं बघते आणि इथल्या एका छोट्या दैनिकासाठी त्यांची परीक्षणं लिहिते. मानधन म्हणाल तर जाण्यायेण्याच्या रिक्षाला पुरतं. हौशी संस्थांची पोरं मला अक्का म्हणतात, आणि परीक्षण छापून आलं की त्यातली निम्मी काही दिवस ओळख देत नाहीत. यंदा इथल्या एका कॉलेजनं ‘ज्युलियस सीझर’ मराठीत करायला घेतलंय. नव्यानं लिहायला लागलेली दोघंतिघं परवा विचारत होती, “अक्का, असल्या मोठ्या नाटकावर आपण काय लिहायचं? चारशे वर्षं लोक लिहितायत की ओ.”

तर पहिल्यांदा हे ओझं उतरवा. शेक्सपिअरला मार्क द्यायला तुम्हाला कुणी बोलावलेलं नाही. नाटक १५९९ साली रंगमंचावर आलं आणि तेव्हापासून टिकून आहे. तुम्हाला लिहायचंय ते शनिवारी संध्याकाळी आपल्या गावात झालेल्या प्रयोगाबद्दल, आणि त्यावर चारशे वर्षांत कुणीही एक ओळ लिहिलेली नाही.

दुसरी गोष्ट. हे नाटक दग्याचं आहे असं सगळे म्हणतात आणि ते खरंच आहे, पण रंगमंचावर दगा दिसतो तो मिनिटभर. बाकी सगळा वेळ कुणीतरी कुणाला तरी पटवत असतं. सीझरच्या खुनाचा कट रचणारा कॅशियस त्याचा मित्र ब्रूटसला पटवतो, ब्रूटस स्वतःला पटवतो. सीझरच्या बायकोला, कॅल्पर्नियाला, वाईट स्वप्न पडतं. सीझरच्या पुतळ्यातून रक्ताच्या धारा लागल्यात आणि लोक त्यात हात धुतायत. म्हणून सीझर घरी थांबायला निघतो, तर कटातलाच डेशियस त्याच स्वप्नाचा शुभ अर्थ लावून त्याला घराबाहेर काढतो. मग, खून झाल्यावर, सीझरचा मित्र अँटनी येतो आणि अख्ख्या रोमला पटवतो. प्रेक्षागृहात बसलेले आपण त्याच रोमच्या गर्दीतले असतो. त्यामुळे या नाटकाच्या परीक्षणासाठी मी एकच काम सांगते: आपण कुणाच्या बाजूला कधी सरकलो आणि कशामुळे सरकलो, ते टिपा. नटाच्या कुठल्या हालचालीनं, कुठल्या थांब्यानं, की नुसत्या आवाजानं? एवढं नीट लिहिलंत तर परीक्षण झालं.

जायच्या आधी

संहिता वाचून जा. शेक्सपिअरच्या मोठ्या शोकांतिकांच्या मानानं हे नाटक आटोपशीर आहे, एका बैठकीत वाचून होतं. जो अनुवाद हाती लागेल तो चालेल. वाचताना पेन्सिलनं एवढंच करा: प्रत्येक प्रवेशापुढं कोण कुणाकडून काय काढून घेतंय ते चार शब्दांत लिहा. कथानक तोंडपाठ होतं आणि प्रयोगात काय कापलंय ते लगेच कळतं. कापलेलं कळणं म्हणजे निम्मं परीक्षण.

इतिहास थोडाच लागतो. सीझरचा खून इसवी सनपूर्व ४४ मध्ये, १५ मार्चला झाला. तो झाला सीझरचा जुना प्रतिस्पर्धी पाँपी यानं बांधलेल्या नाट्यगृहाला लागून असलेल्या सभागृहात. शेक्सपिअरनं तो रोमच्या कॅपिटॉल टेकडीवर नेला. त्याच्यासमोर होती ग्रीक लेखक प्लुटार्कनं लिहिलेली चरित्रं, थॉमस नॉर्थनं १५७९ मध्ये इंग्रजीत आणलेली. इतिहासकार तेवीस जखमा सांगतात, नाटकात तेहतीस आहेत. शेवटच्या अंकातली फिलिपीची लढाई इसवी सनपूर्व ४२ ची. खरं तर तिथे काही आठवड्यांच्या अंतरानं दोन लढाया झाल्या, नाटकात सगळं एका दिवसात उरकतं. हे वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा आणि तिथेच राहू द्या. छापील परीक्षणात यातलं एखादं वाक्य येईल, तेही प्रयोगाला लागून येत असेल तर. रोममध्ये टोले देणारं घड्याळ कुठून आलं, हा शोध तर कृपा करून लावू नका. ते शेक्सपिअरनंच घातलंय, आपल्या दिग्दर्शकाची त्यात चूक नाही. दरवेळी कुणीतरी मध्यंतरात चहाच्या कपाबरोबर हा शोध लावतंच.

नाव सीझरचं आणि सीझर नाटकाच्या मध्यावर मरतो, याचाही बाऊ नको. बोलायला सगळ्यात जास्त ब्रूटसला आहे. सीझर मेल्यावर जास्त जाणवायला लागतो. शेवटच्या लढाईत ब्रूटस आणि कॅशियस दोघंही मरताना त्याचंच नाव घेतात. म्हणून सीझर करणाऱ्या नटाची परीक्षा उत्तरार्धात, तो नसताना होते. पहिल्या भागात त्यानं एका कानानं कमी ऐकू येणारा, फिट येणारा, स्वतःबद्दल ‘सीझर असं करत नाही’ अशा भाषेत बोलणारा म्हातारा उभा केला असेल, तर नंतर त्याची उणीव भासते. नुसताच छाती काढून उभा राहिला असेल तर मेल्यावर कुणाला आठवत नाही.

कुठे बसायचं, काय लिहायचं

पास मिळतो तो पहिल्या दोन रांगांचा. गोड बोलून बदलून घ्या. पुढून नटाचा घाम दिसतो, गर्दी दिसत नाही, आणि या नाटकात गर्दी हे पात्र आहे. हुतात्मा स्मृतिमंदिरात असो नाहीतर कॉलेजच्या हॉलमध्ये, मधल्या रांगेत, कडेची खुर्ची धरा. मोबाईलच्या उजेडात लिहू नका, शेजारच्याचं नाटक मोडतं. न बघता मोठ्या अक्षरात लिहायची सवय करा, प्रवेश बदलला की पान उलटा. कागद वाया जाऊ द्या.

लिहायचं काय? क्रियापदं. ‘छान’, ‘प्रभावी’ असलं अंधारात लिहून ठेवलंत तर घरी गेल्यावर त्याचा काही उपयोग नाही. ‘ब्रूटस पत्र वाचताना दिवा जवळ ओढतो’, ‘कॅशियस बोलताना ब्रूटसच्या मागे जातो, पुढे येत नाही’ हे लिहा. आणि शेजारच्या खुर्च्यांचंही टिपा: कुठे हसले, कुठे मोबाईल काढला, कुठे कुणी खोकलंसुद्धा नाही.

प्रवेशाप्रवेशाचं

पहिला प्रवेश बहुतेक ठिकाणी कापतात. सुट्टी घेऊन सीझरची मिरवणूक बघायला निघालेले कारागीर, त्यात एक तोंडाळ चांभार, आणि त्यांना झापणारे दोन अधिकारी. काल पाँपीचा जयजयकार करत होता, आज त्याच्या पोरांना हरवून आलेल्या माणसापुढे फुलं टाकताय, असं ते झापणं. हा प्रवेश ठेवला असेल तर शाबासकी द्या, कारण गर्दी कशी फिरते ते दिग्दर्शकानं आधीच दाखवून ठेवलंय. एका प्रयोगात सिनेटर पुस्तकी मराठी बोलत होते आणि हा चांभार खास सोलापुरी. “सुट्टी हाय की ओ साहेब आज, तुमाला कोन सांगितलं न्हाई का?” प्रेक्षागृह हसलं, आणि त्या हसण्यात ती गर्दी आपली झाली. पुढे हीच माणसं जाळपोळ करत सुटली तेव्हा हसलेल्यांना जड गेलं. असं काही दिसलं की परीक्षणात त्याला जागा द्या, सीझरच्या मुकुटापेक्षा जास्त.

ब्रूटसचं बागेतलं स्वगत इथे कान टवकारून ऐका. ते सुरू होतं तेच निकालानं: याला मारावंच लागेल. कारणं त्यानंतर येतात. माझं त्याच्याशी वैयक्तिक भांडण नाही, असं तो स्वतःच म्हणतो. सीझरनं अजून काही केलेलं नाही हेही कबूल करतो. पण मुकुट मिळाला तर बदलेल, म्हणून अंड्यातच सापाला मारलं पाहिजे. आधी ठरवायचं आणि मग पुरावा जुळवायचा. चांगला नट इथे अडखळतो, स्वतःचंच वाक्य स्वतःला पटलं की नाही ते तपासतो. वाईट नट भाषण ठोकतो. त्यातच त्याच्या हातात ती पत्रं येतात, ‘रोम तुझ्याकडे बघतंय’ छापाची. ती नागरिकांची म्हणून आलेली असतात आणि खरं तर कॅशियसनं वेगवेगळ्या अक्षरांत लिहून आपल्या माणसाकरवी टाकवलेली असतात. ती पत्रं टाकायला देताना आपल्याला कॅशियस दिसला का? दिग्दर्शकानं तो दाखवला असेल तर ब्रूटसची कीव येते, लपवला असेल तर आपणही ब्रूटसबरोबर फसतो. यातलं काय झालं आणि तुम्हाला काय वाटलं, हे परीक्षणाचं एक अख्खं वाक्य आहे.

त्याच रात्री कट शिजतो, आणि तिथून पुढे ब्रूटस कॅशियसचा प्रत्येक सल्ला मोडतो. शपथ नको. सिसरोला घ्यायला नको. अँटनीला मारायला नको. त्याला सीझरच्या प्रेतावर बोलू द्या. आणि शेवटी, आपणच फिलिपीवर चालून जाऊ. अँटनी आणि फिलिपीच्या बाबतीत तर कॅशियस सरळसरळ बरोबर ठरतो, तरी दरवेळी मान तुकवतो. का? ब्रूटसच्या नावाशिवाय कटाला इज्जत नाही म्हणून, आणि पुढे पुढे खरं प्रेम म्हणूनही. कॅशियस करणारा पोरगा हे मान तुकवणं दरवेळी वेगळं करतो का ते बघा. नुसता भुवया उडवणारा खलनायक केला असेल तर नाटकाचा उत्तरार्ध कोसळतो, हे नाव घेऊन लिहा.

खुनाचा प्रवेश सगळ्यांना लक्षात राहतो म्हणून त्यावर जास्त शाई नको. दोनच गोष्टी बघा. एक, रक्तात हात बुडवायची कल्पना ब्रूटसची आहे, यज्ञ केल्यासारखा खून करू म्हणणाऱ्या माणसाची. ते करताना बाकीच्यांचे चेहरे कसे होते? दोन, अँटनी येतो आणि एकेका मारेकऱ्याचा रक्तानं माखलेला हात हातात घेतो. संहितेत सगळ्यात शेवटी येतो ट्रेबोनियस. खून चालू असताना अँटनीला बोलण्यात गुंतवून बाहेर नेणारा हाच. त्या शेवटच्या हस्तांदोलनात काही घडलं तर दिग्दर्शकानं नाटक नीट वाचलंय असं समजा.

झग्याचा प्रवेश

आता जिथे थांबायचं तिथे थांबू. ब्रूटस आधी बोलतो, मोजूनमापून, गद्यात. मी सीझरवर प्रेम करत होतो, पण रोमवर जास्त. लोक खूश. एक जण ओरडतो, यालाच सीझर करा. राजा होऊ नये म्हणून ज्यानं खून केला त्यालाच लोक सीझर करायला निघालेत, आणि ब्रूटसला ते ऐकूच जात नाही. या ओळीवर तुमच्या प्रेक्षागृहात हशा आला की शांतता पसरली? लिहा. मग ब्रूटस निघून जातो, वर लोकांना थांबून अँटनीचं ऐका असं सांगून. इतका मोठा मूर्खपणा इतक्या सभ्यपणे केलेला मी दुसऱ्या कुठल्या नाटकात पाहिलेला नाही.

अँटनी पद्यात बोलतो. मराठी प्रयोगात हा फरक कानाला कळला का? दोघं एकाच चालीत बोलले असतील तर तो अनुवादाचा नाहीतर दिग्दर्शनाचा दोष आहे, नटांचा नाही. ब्रूटस सन्माननीय आहे, हे अँटनी पुन्हा पुन्हा म्हणतो. पहिल्यांदा आदर, नंतर कोडं, नंतर शिवी, असा त्याचा प्रवास व्हायला हवा. पुष्कळ नट पहिल्याच वेळी कुत्सित हसतात आणि पुढचा जिना स्वतःच काढून टाकतात.

मग तो सीझरचं मृत्युपत्र दाखवतो, वाचत नाही. भाषणाच्या कट्ट्यावरून खाली उतरतो, प्रेताभोवती लोकांचं कडं करतो आणि सीझरचा झगा उचलतो. इथून कॅशियसची कट्यार गेली, बघा कास्कानं केवढं फाडलंय, आणि इथे लाडक्या ब्रूटसचा वार. आता आठवा: खून झाला तेव्हा अँटनी तिथे नव्हता. ट्रेबोनियसनं त्याला बाहेर नेलं होतं. कुठलं भोक कुणाच्या कट्यारीचं हे त्याला कळायला काही मार्ग नाही. तो रचतोय. आणि आपल्याला त्या क्षणी हे सुचत नाही, हीच त्याची ताकद.

मागे एका हौशी संस्थेच्या प्रयोगात एका पोरानं हे फार सुंदर केलं होतं. झग्यासाठी पांढरं जाड सुती कापड घेतलेलं. त्यानं ते दोन्ही हातांनी उजेडासमोर धरलं, भोकांतून मागचा लाल दिवा ठिपक्यांसारखा दिसायला लागला. मग बोट कापडावरून आंधळं फिरत होतं आणि डोळे गर्दीवर. बोट एका भोकात अडकलं की त्या क्षणी समोर ज्याचा चेहरा तापलेला, त्याच्याकडे बघत तो एक नाव टाकायचा. ब्रूटसचं नाव घ्यायच्या आधी त्यानं मुद्दाम सगळ्यात मोठं भोक शोधलं. मी कापडाच्या धंद्यात असल्यामुळे मला आणखी एक दिसलं: भोकांच्या कडा आतून बारीक टाके घालून शिवलेल्या होत्या. दर प्रयोगाला नवं कापड कुठलं परवडणार? असलं दिसलं तर परीक्षणात लिहू नका. पंधराव्या रांगेतून ते दिसत नाही, आणि ते लिहून फक्त आपली नजर मिरवली जाते. बोट आणि डोळे यांच्याबद्दल लिहा.

म्हणजे कसं? आपल्याकडे सर्रास छापून येतं ते असं: ‘अँटनीच्या भूमिकेत अमुक यांनी सशक्त अभिनयाने प्रेक्षकांना खिळवून ठेवले.’ यावरून प्रयोग बघितला की नुसती जाहिरात वाचली, तेही कळत नाही. त्याऐवजी: ‘झग्यावरचे वार दाखवताना हा अँटनी कापडाकडे बघतच नाही. तो माणसांचे चेहरे वाचतो आणि जिथे राग दिसेल तिथे पुढचं नाव ठेवतो. तो खुनाच्या वेळी तिथे नव्हता, हे प्रेक्षकाला आठवतं ते घरी पोचल्यावर.’ तीन वाक्यं. त्यात नटाचं काम आलं, नाटक आलं, आणि तुम्ही फसलात तेही आलं.

कपड्यांचा विषय निघालाच आहे तर. सोलापुरात रोम उभा करायचा म्हटलं की कुणीतरी म्हणतंच, चादरी आहेत की. आपली चादर थंडीत पांघरायला जगात तोड नाही, पण स्टेजवर ती खांद्यावरून ओघळत नाही, फुगून उभी राहते. आणि तिच्यावरची नक्षी लांबूनही ओळखू येते. सिनेटर शेंगाचटणी-कडक भाकरी बांधून प्रवासाला निघाल्यासारखे दिसतात. खरा टोगा लोकरीचा, अर्धवर्तुळाकार कापलेला, भलामोठा. तो इथल्या उकाड्यात कुणी घालू नये. खळ धुऊन काढलेला मांजरपाट छान पडतो. परीक्षणात वेशभूषेवर लिहायचं तर ती ‘ऐतिहासिक’ होती का हे विचारू नका; तिच्यात कट्यार लपवता येत होती का, पळता येत होतं का, ते बघा.

कापलेले दोन प्रवेश

झग्यानंतर मृत्युपत्र वाचलं जातं. रोमच्या प्रत्येक नागरिकाला पंचाहत्तर द्राख्मा, आणि टायबरकाठच्या सीझरच्या बागा सगळ्यांना कायमच्या खुल्या. लोक पेटून उठतात. पुढच्या प्रवेशात त्यांना सिना नावाचा कवी सापडतो. कटातला सिना वेगळा, हा वेगळा, तो तसं सांगतोही. मग याच्या वाईट कवितांसाठी मारा, असं म्हणून त्याला मारतात. त्याच्या पुढच्या प्रवेशात अँटनी आणि सत्तेतले त्याचे दोन भागीदार, ऑक्टेव्हियस आणि लेपिडस, मेज मांडून मरणाऱ्यांची यादी करतात. लेपिडस स्वतःच्या भावाला देऊन टाकतो, अँटनी भाच्याच्या नावावर ठिपका मारतो. आणि मग अँटनी सहज लेपिडसला पाठवतो: जा, ते मृत्युपत्र घेऊन ये, त्यातला देण्याघेण्याचा खर्च कुठे कमी करता येतो बघू.

हिशेब लिहिणारी बाई म्हणून सांगते, हे नाटकातलं सगळ्यात थंड वाक्य आहे. थोड्या वेळापूर्वी याच कागदावर त्यानं शहर पेटवलं.

हे दोन प्रवेश वेळेअभावी कापतात, आणि कापले की अँटनी नायक होऊन बसतो. म्हणून प्रयोगात ते होते की नाही हे परीक्षणात आलंच पाहिजे. प्रयोग लांबतो हे कारण मला मान्य आहे. पण मग लढाईतल्या तलवारी दोन मिनिटं कमी वाजवा की.

गर्दीबद्दल आणखी एक. हुतात्मा स्मृतिमंदिर ज्या चौघांच्या नावानं आहे, त्यांना १२ जानेवारी १९३१ ला फाशी झाली, आदल्या वर्षीच्या इथल्या मार्शल लॉनंतर. अशा गावात रस्त्यावर उतरलेल्या माणसांबद्दल मनात आधीच ममत्व असतं. सिना मारला जाताना हे ममत्व अडचणीत येतं. प्रेक्षागृहाची ही अवघड शांतता तुम्हाला जाणवली तर तिच्यावर एक ओळ जरूर लिहा. ओढूनताणून तुलना मात्र नको.

आजचं राजकारण

मध्यंतरात पार्किंगपर्यंत सगळे हेच करतात: हा म्हणजे आपला तो, आणि ब्रूटस म्हणजे तो पलीकडचा. तुम्ही लेखात करू नका. वाचकाच्या डोक्यात ते नाव तुमच्या आधी आलेलं असतं, आणि पुढच्या निवडणुकीला ते बदललेलंही असतं. प्रयोगानंच ते केलं असेल, म्हणजे ब्रूटसला जाकीट आणि अँटनीच्या भाषणाचं मोबाईलवर चित्रीकरण, तर मात्र लिहावं लागेल: ही कल्पना शेवटपर्यंत चालली का, की टाळ्या घेऊन मध्येच सोडून दिली?

उत्तरार्ध

मध्यंतरानंतर खुर्च्या थोड्या रिकाम्या होतात. परीक्षकानं उठायचं नसतं. तंबूतलं भांडण हा माझ्या मते नाटकातला सर्वांत माणसांचा प्रवेश. ब्रूटस कॅशियसला लाचखाऊ म्हणतो आणि त्याच दमात तक्रार करतो, माझ्या सैन्याच्या पगाराला मी सोनं मागितलं ते तू पाठवलं नाहीस. मी स्वतः असल्या मार्गानं पैसा उभा करू शकत नाही म्हणे! म्हणजे पैसा चालतो, मिळवायची पद्धत चालत नाही. हे वाक्य बोलताना ब्रूटस करणाऱ्याला त्यातली विसंगती कळली आहे का, हे त्याच्या मानेवरून कळतं.

मग ब्रूटसच्या बायकोच्या, पोर्शियाच्या, मरणाची बातमी. आधी ब्रूटस स्वतः कॅशियसला सांगतो. थोड्या वेळानं मेसाला नावाचा त्याचा सरदार येऊन सांगतो, तेव्हा ब्रूटस पहिल्यांदा ऐकत असल्यासारखा वागतो आणि धीरानं घेतो. छापलेल्या संहितेत दोन्ही आहे. बरेच दिग्दर्शक एक काढतात. पहिली ठेवली तर बायको गमावलेला नवरा दिसतो. दोन्ही ठेवल्या तर सैनिकांपुढे खंबीरपणाचं नाटक करणारा पुढारी दिसतो. प्रयोगानं कुठला ब्रूटस निवडला ते नोंदवा. लढाई, कॅशियसचा गैरसमजातून मृत्यू, ब्रूटसचं स्वतःच्या तलवारीवर पडणं, याला दोन ओळी पुरतात. हौशी रंगमंचावर लढाई कुणाचीच धड होत नाही. शेवटी अँटनी ब्रूटसला सगळ्यांत थोर रोमन म्हणतो. यादीवर ठिपके मारणाऱ्याच्या तोंडून ते तुम्हाला खरं वाटलं का?

लिहायला बसल्यावर

साडेचारशे शब्द मिळतात. कथानक पाच ओळींच्या वर नको, पहिल्या परिच्छेदात तर मुळीच नको. सुरुवात तुम्ही सरकलात त्या क्षणानं करा. मग तो कसा घडला, कुणामुळे घडला. मग जे बिघडलं ते. ‘नेपथ्य सूचक, प्रकाशयोजना पूरक, संगीत साजेसे’ ही ओळ आपोआप हातातून उतरते, ती उतरली की खोडा. प्रकाशावर सांगण्यासारखं असेल तर झग्यामागच्या लाल दिव्यासारखं एक सांगा, नसेल तर गप्प बसा. ‘भूमिकेला न्याय दिला’ हेही नको.

लहान गावात खरी अडचण पुढे आहे. ब्रूटस तुम्हाला उद्या नवी पेठेत भेटणार आहे, दिग्दर्शकाची बहीण तुमच्या बिल्डिंगमध्ये राहते. म्हणून प्रयोगानंतर रंगपटात जायचं नाही, चहा घ्यायचा नाही, ‘कसं वाटलं?’ला ‘वाचा की’ म्हणून सटकायचं. दोष लिहिताना माणसावर न लिहिता निर्णयावर लिहा: ‘अमक्याला अँटनी झेपला नाही’ ऐवजी ‘पहिल्याच ओळीत कुत्सित हसल्यामुळे पुढे चढायला जागा उरली नाही’. हे वाचून पोरगा चिडतो, पण पुढच्या प्रयोगात तसं हसत नाही. बोलीचं मात्र जपून. घरी तेलुगू नाहीतर कन्नड बोलणाऱ्या पोराच्या मराठीला हेल असतो. शब्द पोचत असतील तर त्या हेलावर टिपणी करू नका, रोमन काही सदाशिव पेठेतले नव्हते.

नावं तपासा. इथली आडनावं तीन भाषांतली, कार्यक्रमपत्रिकेत एक आणि फेसबुकवर दुसरं असतं. फोन करून विचारून घ्या. आणि जागा कमी पडली की संपादक कापतो ते खालून. म्हणून मुख्य नटांची नावं शेवटी गेली तरी चालतील, पुढच्या वेळी येतीलच. गर्दीत उभ्या असलेल्या पोरांची नावं मधल्या परिच्छेदात घाला.